सृष्टीच्या साखरपुड्याच्या वड्या

पलूस,
९ डिसेंबर २०२४

सौ. क्रांतीवन्सं,

विजयमालाचा नमस्कार. तुम्ही आणि वीरधवल भावजी अंबाल्याला नीट पोचलात हे सृष्टीकडून कळलं. तिकडे थंडी चांगलीच पडली असेल. इकडे सकाळी नुसतं दव पडतं. कारखाने सुरू झालेत, त्यामुळे दारावरून सारखे उसाचे ट्रॅक्टर जातात. म्हैस व्याली, रेडी झाली. बाळासो भावजींनी आत्यांच्या खोलीचं दार नीट करून दिलं, आता ते लागतं. आमचं सगळ्यांचं बरं आहे.

आत्यांच्या तेराव्याला गाडीत बसता बसता तुम्ही काच खाली करून म्हणालात, "माला, त्या ओट्सच्या वड्यांची कृती सृष्टीला लिहून पाठव. साताऱ्याच्या माणसांना तिला करून घालायच्यात." मोबाईलवर लिहायला बसले होते, पण दोन ओळींतच अंगठा दुखायला लागला. शिवाय मला अजून काही लिहायचं होतं. म्हणून कागद घेतला.

आधी कृती.

ओट्स जाडे घ्यायचे, चपटे दिसणारे. दोन मिनिटांत शिजणारे आणू नकोस म्हणावं, त्यांची लापशी होते. दोन वाट्या ओट्सला एक वाटी कणीक, अर्धी वाटी वितळवलेलं लोणी, पाऊण वाटी गुळाची पावडर, तीन चमचे काकवी, दोन चमचे घट्ट दही, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ आणि थोडी दालचिनी. देवळालीला आमच्या क्वार्टरशेजारी मिझोरामच्या एक बाई होत्या, त्यांनी मला ही वडी शिकवली. त्या अंडं आणि तपकिरी साखर घालायच्या. काकवी माझी. काकवीमुळेच वडीला ओढ येते. चावताना दाताला जराशी ओढ लागली नाही तर मग ते बिस्कीटच.

सगळं हातानं एकत्र करून बटरपेपर घातलेल्या ट्रेमध्ये थापायचं आणि तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवायचं. कडा तांबूस झाल्या आणि मध्ये बोट लावल्यावर अजून मऊ लागलं की लगेच बाहेर. सृष्टीला वाटेल कच्चं राहिलं. वाटू दे. ट्रेमध्ये गार होता होता ते आवळून येतं. पूर्ण भाजायच्या नादाला लागली तर दुसऱ्या दिवशी दगड होईल.

आयसिंगला पिठीसाखर चाळूनच घ्यायची, नाहीतर गाठी राहतात. त्यात मऊ लोणी, व्हॅनिलाचे थेंब आणि दूध अगदी थोडं थोडं. वडी पूर्ण गार झाल्याशिवाय आयसिंग लावायचं नाही, ते वितळून कडेनं ओघळतं. आणि एक लक्षात ठेवायचं. आयसिंग लावून डबा बंद केला की आत घाम धरतो. म्हणून वड्या आदल्या दिवशी भाजल्या तरी आयसिंग द्यायच्या दिवशी सकाळीच लावायचं.

सृष्टीला हे पान काढून पाठवा. कृती एवढीच आहे. पोरीवर माझा राग नाही. पाचगणीच्या होस्टेलवर असताना दर महिन्याला मी तिला डबा न्यायचे. ती गेटपर्यंत धावत यायची आणि तिथंच उभी राहून पहिली वडी खायची. तिनं जन्मभर कराव्यात आणि खाव्यात.

पुढची पानं तुमची.

साखरपुड्यात पाहुण्यांना पेढ्याऐवजी मामीच्या वड्या द्यायच्या हा हट्ट सृष्टीचाच होता. तुमचं बिऱ्हाड छावणीत, म्हणून कार्यक्रम इथे पलूसला, आत्यांच्या दारात. हे जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुमच्या भावाच्या मागं त्या घरात पहिल्यांदाच काहीतरी चांगलं होत होतं, मलाही हौस होती. आदल्या दिवशी मी वड्या भाजल्या. साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरात पाट मांडून आयसिंग लावत बसले होते. मोबाईल तुमच्या खोलीत चार्जिंगला होता, कारण स्वयंपाकघरातलं बटण मिक्सरला लागत होतं.

त्या सकाळी आत्या तीन-चार वेळा आत आल्या. मला तेव्हा काही कळलं नाही. एकदा येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. एकदा म्हणाल्या, "चा घे गं थोडा." मी म्हणाले, "हात भरलेत आत्या." तर स्वतः बशीत ओतून माझ्या तोंडाला लावला. शेवटी माझ्या मागं बसल्या आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यात तुम्ही दारातून हाक मारलीत, "आई, तू बाहेर ये बघू." त्या गेल्या.

मी वड्यांची पेटी भरून झाल्यावर हिरवी साडी नेसले. फोटोत मी हसतेय. तो फोटो सृष्टीनं मोठा करून साताऱ्याच्या घरात लावलाय.

पाहुणे गेल्यावर, भांडी आवरून होत आली तेव्हा तुम्ही सांगितलंत, "आटपाडीहून फोन होता. तात्यांचं बरं नाही म्हणे. सकाळच्या गाडीनं जाऊन ये." माझ्या हातात मोबाईल दिलात. तो बंद होता. तुम्ही म्हणालात, चार्ज झाला नाही वाटतं.

सकाळी मी आमच्या माहेरच्या वस्तीवर उतरले तर दारात विस्तवाची राख आणि पालथी घागर. वन्सं, माझे वडील आदल्या दिवशीच गेले होते. डाळिंबाला फवारणी करून आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले. माझा भाऊ भाऊसो ओट्यावर बसला होता. मी त्याच्याकडे धावले तर त्यानं हात आडवा केला. सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "झाल्या का तुज्या वड्या?"

मला काय म्हणतोय ते समजेना. तो म्हणाला, "तुज्याच फोनवर लावला हुता मी. तुजी नणंद बोलली. म्हणली, ती कामात हाय, तिला यायला जमणार न्हाई, थांबू नका म्हणती. मी म्हणलं, तिला फोन द्या. तर म्हणली, ती बोलत न्हाई म्हणती. बापाला आमी ऊन कलेपर्यंत ठेवला, तू येशील म्हणून. आता कशाला आलीस?"

मी शपथा घेतल्या. त्याला ते खोटं वाटलं. कोण नणंद असं मनानं सांगेल, असं तो म्हणाला. त्याचंही बरोबर आहे. मी ऐकलं असतं तर मलाही पटलं नसतं. तिथल्या बायकांनी मला पाणी दिलं नाही. मी दिवसभर डाळिंबाच्या बागेत बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. तेव्हापासून त्या घरात माझं नाव कुणी घेत नाही. भाऊसोच्या पोराच्या जावळाचं निमंत्रण आपल्या शेजारच्या घरी आलं, मला आलं नाही.

परत आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, आठवतंय का? तुम्ही सृष्टीच्या साड्यांच्या घड्या घालत होता. मान वर न करता म्हणालात, "घरात माणसं भरलेली. तुला सांगितलं असतं तर सुतक आलं असतं. सुतकाच्या हातच्या वड्या पाहुण्यांना कशा वाटायच्या? तिच्या सासरच्यांनी काय म्हटलं असतं? गेलेला माणूस तू गेल्यानं उठून बसणार होता का?" आणि मग, "साडी चांगली दिसत होती हं तुला."

त्यानंतर आपण त्यावर कधी बोललो नाही. तुम्ही अंबाल्याला गेलात, फोन चालू राहिले, दिवाळीला तुम्ही मला साडी पाठवलीत. माझ्या मते तुम्ही विसरूनही गेलात. विसरला नसता तर त्याच वड्यांची कृती माझ्याकडे मागायला तुमची जीभ रेटली नसती.

आता आत्यांच्या आजारपणाचं लिहिते. तुम्हाला जे माहीत आहे ते सगळं माझ्या तोंडून ऐकलेलं आहे, म्हणून ते पुन्हा नीट सांगायला हवं.

सांगलीच्या डॉक्टरांनी आत्यांना घरी सोडलं ते बरं वाटतंय म्हणून नाही. किडन्या संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मी गाडीतूनच तुम्हाला फोन केला आणि सांगितलं की आत्या सुधारल्यात, घरी चाललोय. तुम्ही म्हणालात, "बाई गं, सुटले. सुट्टीचं यांना आत्ता विचारायचं नव्हतंच." आत्या माझ्या मांडीवर डोकं ठेवून होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं.

पुढचे सगळे दिवस तुमचा रोज फोन यायचा. "आईला दे जरा." मी म्हणायचे, आत्ताच झोपल्यात, आंघोळ घातलीय, उद्या देते. आत्या जाग्या असायच्या. मी फोन घेऊन परसात जायचे.

ज्या सकाळी त्या गेल्या, भावकीतले बाळासो भावजी पहिल्यांदा आले, मग अंबूबाई काकी, मग सगळी गल्ली. भावजी म्हणाले, "क्रांतीला कळवलं का? लांबनं यायचंय तिला. सांगलीहून थंड पेटी मागवूया, उद्या दुपारपर्यंत ठिवता येतंय." ते खिशातून मोबाईल काढतच होते. मी म्हणाले, "आत्ताच बोलले मी. रडतायत, नका लावू. त्या म्हणाल्या, मला यायला जमणार नाही, थांबू नका."

तुम्हीच भाऊसोला सांगितलेलं होतं ते, तसंच सांगितलं. त्यात मी पदरचं काही घातलं नाही.

भावजींनी मोबाईल खिशात ठेवला. अंबूबाई काकी म्हणाल्या, "सख्ख्या आईला?" मी मान खाली घातली. मला काही बोलायची गरज पडली नाही. तिथून पुढं सगळं त्यांनीच केलं. माणसं ओढ्याकाठच्या स्मशानातून परत येऊन दारात पाय धुत होती तेव्हा मी तुम्हाला फोन लावला आणि आत्या गेल्या एवढंच म्हणाले. तुम्ही हंबरडा फोडलात आणि म्हणालात, "मी निघते, माला. मिळेल त्या विमानानं येते. आईला ठेवा. मी येईपर्यंत आईला ठेवा." मी म्हणाले, "बरं."

तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात तेव्हा दारात गाडीतून उतरतानाच विचारलंत, "कुठल्या खोलीत ठेवलंय?"

तुमच्याकडे त्या दिवशी कुणी धावत आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गळ्यात पडायला एकही बाई उठली नाही. अंबूबाई काकी म्हणाल्या, "जमलं व्हय यायला." तुम्ही म्हणालात, "हो काकी, तिकीटच मिळेना." काकी उठून गेल्या. तुम्ही मला विचारलंत, का थांबले नाहीत? मी म्हणाले, भावकीनं ऐकलं नाही. मग तुम्ही बाळासो भावजींशी तेरा दिवस बोलला नाहीत आणि ते तुमच्याशी बोलले नाहीत. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला लाज कशी वाटत नाही. मी मधून चहा देत होते.

निघताना तुम्ही मला म्हणालात, "या गावात माझं माणूस म्हणजे आता तूच." ते तेवढं खरं आहे.

हे पत्र वाचून तुम्ही बाळासो भावजींना फोन कराल. करा. मी त्यांना सांगेन की आईच्या दुःखानं वन्संचं डोकं फिरलंय, आता माझ्यावर घालतायत. कोण भावजय असं मनानं सांगेल, असं ते म्हणतील. हे पत्र दाखवलंत तरी माझी हरकत नाही, पण त्यासाठी तुम्हाला त्यातली साखरपुड्याची पानंही दाखवावी लागतील. ती सृष्टीच्या सासरी पोचली तर तिच्या घरातला तो मोठा फोटो तिला खाली उतरवावा लागेल. त्याचा विचार तुम्ही करा.

आणि तुमच्या मनात येईल की आटपाडीला जावं, भाऊसोच्या पाया पडावं, म्हणजे मालाही इकडे खरं सांगेल. जायचं तर जा. मी मात्र इथं काही बदलून सांगणार नाही. मी वर्षभर वाट बघितली की तुम्ही एकदा तरी त्याला फोन लावाल. आता ती वाट बघणं संपलं आहे.

इथंच थांबणार होते. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. एक राहिलं आणि ते मला कुणाला तरी सांगायचं आहे. तुमच्याशिवाय मला सांगायला कुणी नाही, हेही तुम्हीच केलंत.

तात्या गेले त्या दिवशी आत्या तुमच्याशी भांडल्या होत्या. मला नंतर त्यांनीच सांगितलं. त्या तुम्हाला म्हणाल्या होत्या, "बाप हाय तिचा, सांग तिला, जाऊ दे पोरीला." तुम्ही त्यांना गप्प केलंत. त्या रात्री जेवल्या नव्हत्या. मी आटपाडीहून परत आले तेव्हा ओट्यावर बसून होत्या. माझे पाय धुवायला पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मी पोरीपुढं हरले गं माले." तुमच्या घरात माझ्या बाजूनं उभं राहिलेलं माणूस ते एकच होतं.

आणि शेवटच्या दिवसांत त्यांनी तुमची आठवण काढली. सांगलीहून आलो त्याच संध्याकाळी म्हणाल्या, "क्रांतीला फोन लाव. एकदा बघू दे." मी बाहेर जाऊन नुसती उभी राहिले आणि आत येऊन म्हणाले, "लावला होता आत्या. जमत नाही म्हणाल्या." त्या म्हणाल्या, "लांब हाय. जावयाची नोकरी हाय." तुमचीच बाजू घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "सारखं बोलावू नका म्हणाल्या." हे मी का वाढवलं ते मला माहीत नाही. एवढं करायचं ठरवलेलं नव्हतं. त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. म्हणाल्या, "मग तू हाईस न्हवं." माझा गाल चाचपला. त्या वेळी मी परसात जाऊन खरंच मोबाईल काढला होता. तुमचं नाव समोर होतं. अजून वेळ होता, तुम्ही पोचला असता. मी चूल पेटवली आणि त्यांच्यासाठी पेज टाकली.

नंतर त्यांनी तुमचं नाव काढलं नाही. कुणी भेटायला आलं आणि विचारलं, लेक कधी येणार, तर आत्या भिंतीकडे तोंड करायच्या.

शेवटच्या सकाळी डोळ्यांना दिसत नव्हतं. मी चमच्यानं पाणी घालत होते. त्यांनी माझा हात धरला, बांगड्या चाचपल्या, मनगट चाचपलं आणि चेहरा असा फुलला की आजारपणात मी तो तसा पाहिला नव्हता. म्हणाल्या, "क्रांते, आलीस?"

मी नुसतं व्हय म्हणायचं होतं. एवढंच. खोटं तर मी इतके दिवस बोलतच होते, त्यात हे एक बसलं असतं. त्या तशाच हसत गेल्या असत्या आणि तुम्हाला ते कधी कळलंही नसतं.

मी म्हणाले, "न्हाई आत्या. माला हाय. क्रांती आली न्हाई."

त्यांनी माझा हात सोडला. पुन्हा धरला नाही.

तुमच्या आईपाशी शेवटपर्यंत बसलेली,
विजयमाला